लोहाची गोळी आणि मात्रेचा विवेक

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत बिबवेवाडी येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी एका कापडाच्या व्यापाऱ्याने गर्भवती स्त्रियांच्या आरोग्यावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. मी वैद्यकशास्त्राचा अभ्यासक नाही. वाणिज्य शाखेचा साधा पदवीधर आहे. परंतु विश्वस्त मंडळाने विषय निवडण्याचे स्वातंत्र्य दिले, तेव्हा मनात आले की, पन्नास वर्षांचा आढावा घेताना पुढच्या पन्नास वर्षांत ही संस्था ज्यांच्या खांद्यावर उभी राहणार, त्या अजून जन्माला न आलेल्या पिढीचाही विचार व्हावा. शिवाय हा विषय मुळात जमाखर्चाचा आहे, आणि जमाखर्च हा आपला सर्वांचा परिचयाचा प्रांत आहे. समाजातील डॉक्टर मंडळींशी चर्चा करून आणि उपलब्ध माहिती वाचून मी हे टिपण केले आहे.

प्रथम खर्चाची बाजू पाहू. एका गरोदरपणात स्त्रीच्या शरीराला सुमारे १००० मिलिग्रॅम, म्हणजे अवघे एक ग्रॅम, लोह जादा लागते. त्यातील सुमारे ३०० मिलिग्रॅम बाळ आणि वार यांच्यासाठी जाते, त्याहून मोठा भाग मातेचे वाढलेले रक्त तयार करण्यासाठी लागतो आणि उरलेले शरीराच्या नित्याच्या झिजेत खर्च होते. एक ग्रॅम ऐकायला क्षुल्लक वाटते. पण प्रौढ स्त्रीच्या संपूर्ण शरीरातील लोह अडीच ग्रॅमच्या आसपास असते आणि त्यातील गंगाजळी फारच थोडी असते. आपल्याकडे तर पुष्कळ मुली लग्न होऊन येतात तेव्हाच ही गंगाजळी रिकामी असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, भारतातील ५२.२ टक्के गर्भवती स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण ४५.७ टक्के होते. हा केवळ गरिबांचा रोग आहे असे समजण्याचे कारण नाही. ज्या घरी तूप आणि सुका मेवा यांची वाण नाही, तेथेही सुनेचे हिमोग्लोबिन नऊवर असल्याचे आपण ऐकतो. पोट भरलेले असणे आणि रक्त भरलेले असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की त्यास रक्तक्षय म्हणतात. ७ च्या खाली गेले तर तो तीव्र समजला जातो. अशा मातेला प्रसूतीच्या वेळचा रक्तस्राव सोसत नाही, दिवस पूर्ण होण्याआधी प्रसूती होण्याचा आणि बाळ कमी वजनाचे जन्मण्याचा धोका वाढतो.

या विषयाचा आपल्या महाराष्ट्राशी आणि कापडाच्या धंद्याशीही जुना संबंध आहे. १९२८ च्या सुमारास लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईस आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गर्भवती स्त्रियांना होणाऱ्या विशिष्ट रक्तक्षयाचे कारण शोधणे हे त्यांचे काम होते. तो रक्तक्षय लोहाच्या अभावाचा नव्हता. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, असे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजे आजचे फॉलिक अ‍ॅसिड. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लाल गोळीत लोहाच्या सोबतीला जे फॉलिक अ‍ॅसिड असते, त्याचे मूळ असे मुंबईच्या गिरणी कामगार भगिनींपर्यंत पोहोचते.

भारत सरकारने गर्भवतींना अशा गोळ्या देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू केला. २०१८ च्या ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमानुसार चौथ्या महिन्यापासून रोज एक गोळी, असे किमान १८० दिवस आणि प्रसूतीनंतर पुन्हा १८० दिवस घ्यावयाचे आहेत. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असते. गोळी मोफत आहे. तरीही त्याच सर्वेक्षणानुसार देशातील केवळ २६ टक्के मातांनी १८० दिवस किंवा अधिक काळ गोळ्या घेतल्या होत्या. माल गोदामात आहे, पण गिऱ्हाइकापर्यंत पोहोचत नाही, अशी ही अवस्था आहे.

येथपर्यंतची बाजू आपण थोडीफार ऐकलेली असते. आता दुसरी बाजू पाहू. लोह जसे तारक आहे, तसे अमर्याद झाल्यास मारकही ठरू शकते. शास्त्रज्ञ यास ‘ऑक्सिडेटिव्ह ताण’ म्हणतात. हा शब्द अवघड आहे. पण आपल्या धंद्यातील एका उदाहरणाने तो चटकन समजेल.

कोरे सुती कापड पांढरेशुभ्र करण्यासाठी प्रोसेसमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइडचे द्रावण वापरतात. त्या कापडावर कोठे गंजाचा किंवा लोखंडाचा बारीकसा कण राहून गेला असेल, तर नेमक्या त्याच जागी धागा कुजल्यासारखा होतो आणि ताक्याला टाचणीएवढे भोक पडते. बाकी सर्व कापड उत्तम राहते. याचे कारण असे की, लोहाचा स्पर्श होताच पेरॉक्साइडचे अत्यंत उग्र अशा कणांत रूपांतर होते आणि ते कण जवळचा धागा पोखरून टाकतात. ही क्रिया इंग्रज रसायनशास्त्रज्ञ फेंटन यांनी १८९४ मध्ये वर्णन केली. म्हणून जाणकार कारखानदार ब्लीचिंगपूर्वी कापडातील लोह धुऊन काढतात किंवा लोहाला बांधून ठेवणारे द्रव्य द्रावणात घालतात.

आपल्या शरीरातही हेच घडते. प्राणवायूच्या वापरातून प्रत्येक पेशीत थोडे पेरॉक्साइड सतत तयार होत असते. तेथे मोकळे लोह आले की तेच उग्र कण निर्माण होतात आणि पेशींचे नाजूक आवरण पोखरतात. निसर्गाने यावर बंदोबस्त केला आहे. ट्रान्सफेरिन नावाचे प्रथिन रक्तातील लोह बांधून वाहून नेते. फेरिटिन नावाचे प्रथिन लोहाचे हजारो अणू आपल्या पोटात कुलूपबंद ठेवते. हेप्सिडिन नावाचे संप्रेरक आतड्याच्या दारावर मुनीमजीसारखे बसून, भरपूर माल आत आला की दार बंद करते. फळे, भाज्या आणि कडधान्ये यांतून मिळणारी जीवनसत्त्वेही हा ताण शमविण्यास साहाय्य करतात.

गरोदरपणात हा बंदोबस्त मुळातच अधिक ताणलेला असतो, कारण वारेमध्ये प्राणवायूची मोठी उलाढाल चालू असते. थोडा ऑक्सिडेटिव्ह ताण प्रत्येक गरोदरपणात असतोच आणि त्यास भिण्याचे कारण नाही. तो मर्यादेबाहेर गेला तर मात्र रक्तदाब वाढण्याच्या विकाराशी, ज्यास डॉक्टर ‘प्री-एक्लॅम्प्सिया’ म्हणतात, त्याचा संबंध आढळतो. या विषयावर आपल्या शेजारीच संशोधन झाले आहे, हे ऐकून आपणास आनंद वाटेल. बिबवेवाडीच्या लगतच्या धनकवडीत भारती विद्यापीठाची ‘इंटरॅक्टिव्ह रिसर्च स्कूल फॉर हेल्थ अफेअर्स’ ही संशोधन संस्था आहे. तेथील डॉ. साधना जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यातील गर्भवतींच्या रक्ताचा अभ्यास करून, या विकारात ऑक्सिडेटिव्ह ताण वाढलेला असतो हे २००८ मध्ये प्रसिद्ध केले.

मग गोळीतील लोह या तराजूत कोठे बसते? २००१ मध्ये फ्रान्समधील एका अभ्यासात गरोदरपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत रोज १०० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व घेणाऱ्या स्त्रियांच्या रक्तात अशा ताणाच्या खुणा वाढलेल्या दिसल्या. २००३ मध्ये एस्तेर कासानुएव्हा आणि फर्नांडो विटेरी या शास्त्रज्ञांनी उपलब्ध माहितीचा आढावा घेऊन, गरजेपेक्षा जास्त लोह रोज देण्याने ताण वाढू शकतो, असा इशारा दिला. २००७ मध्ये इराणमधील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ज्या गर्भवतींचे हिमोग्लोबिन १३.२ किंवा त्याहून अधिक होते, म्हणजे ज्यांना रक्तक्षय मुळीच नव्हता, त्यांतील काहींना लोह आणि काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली. लोह घेतलेल्या गटात रक्तदाबाचा विकार आणि अपेक्षेपेक्षा लहान बाळे यांचे प्रमाण अधिक आढळले.

बंधू-भगिनींनो, येथे मी आपणास हात जोडून विनंती करतो. एवढे ऐकून कोणीही घरी जाऊन सुनेची किंवा लेकीची गोळी बंद करू नये. आपल्याकडील जवळजवळ निम्म्या गर्भवती रक्तक्षयी आहेत. त्यांच्यासाठी लोह न घेण्याचा धोका घेण्याच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. जागतिक आरोग्य संघटनाही गर्भवतींना रोज ३० ते ६० मिलिग्रॅम लोह देण्याची शिफारस करते, आणि आपली सरकारी गोळी त्या मर्यादेतच आहे. या संशोधनाचा अर्थ इतकाच की, मात्रा पाहून घ्यावी, आणि ‘अधिक ते उत्तम’ हा हिशोब येथे चालत नाही. डॉक्टरांची गोळी चालू असताना शेजारणीने सांगितले म्हणून आणखी एक टॉनिक, माहेरून आणखी एक बाटली, असे होते. या सर्वांतील लोहाची बेरीज कोणी करीत नाही. त्या बाटल्या आणि गोळ्या पुढील तपासणीच्या वेळी पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवाव्यात, एवढे तरी आपण करू शकतो.

हिमोग्लोबिन दर भेटीत मोजावे आणि लिहून ठेवावे. सौम्य किंवा मध्यम रक्तक्षय असेल तर रोज दोन गोळ्या देण्याची सरकारी पद्धत आहे. परंतु तो निर्णय डॉक्टरांचा आहे, सासूबाईंचा नव्हे. महिनाभर नियमित गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन एक ग्रॅमने वाढले नाही तर कारण शोधावे लागते. पचत नसेल तर शिरेतून लोह देण्याचीही सोय आता आहे. २०१७ मध्ये झुरिच येथील एका अभ्यासात, गरोदर नसलेल्या पण लोह कमी असलेल्या स्त्रियांत, रोजच्याऐवजी एक दिवसाआड गोळी दिल्यास त्यातील अधिक हिस्सा शोषला जातो असे दिसले. कारण तेच मुनीमजी, हेप्सिडिन. आज माल आला की उद्या ते दार ओढून घेतात. गोळीने फार त्रास होत असेल तर असा बदल करता येईल का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. गोळीमुळे शौचास काळे होते ते न शोषलेल्या लोहामुळे; त्यास घाबरू नये.

कोणी म्हणेल, ऑक्सिडेटिव्ह ताण वाढतो तर अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल घ्याव्यात. तोही प्रयोग होऊन गेला आहे. ब्रिटनमध्ये क आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा गर्भवतींना देण्यात आल्या. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला की, त्यामुळे प्री-एक्लॅम्प्सिया टळला नाही. उलट कमी वजनाच्या बाळांचे प्रमाण थोडे वाढले. म्हणजे ताटातील लिंबू, आवळा आणि मोसंबी यांचे काम बाटलीतील मोठ्या मात्रेवर सोपविता येत नाही.

आता आपल्या जैन घरांतील काही विशेष बाबी सांगतो. पहिली बाब गोळीच्या वेळेची. मळमळ होते म्हणून अनेकदा रात्री झोपताना गोळी घेण्यास सांगितले जाते. चौविहार पाळणारी भगिनी ती घेत नाही, डॉक्टरांना संकोचाने सांगतही नाही, आणि महिनाभराच्या गोळ्या डबीत राहतात. त्याऐवजी दोन जेवणांच्या मधली, दिवसाउजेडीची वेळ ठरवून घ्यावी. रिकाम्या पोटी त्रास होत असेल तर थोडे खाऊन घ्यावी, पण चहा, कॉफी किंवा दुधासोबत घेऊ नये, लिंबूपाण्यासोबत घ्यावी. कॅल्शियमची गोळी आणि लोहाची गोळी यांत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे, कारण कॅल्शियम लोहाची वाट अडविते.

दुसरी बाब अहिंसेची. पूर्वी बाजारातील काही रक्तवर्धक टॉनिकांत कत्तलखान्यातील प्राण्यांच्या रक्तापासून मिळविलेले हिमोग्लोबिन वापरले जात असे. त्या आठवणीने आजही काही ज्येष्ठ भगिनी सुनांना लोहाचे औषध घेऊ देत नाहीत. गोळीतील फेरस सल्फेट हा खनिज क्षार आहे. त्यात प्राणिज काही नाही. कॅप्सूलचे आवरण मात्र पुष्कळदा जिलेटिनचे असते. शंका असल्यास कॅप्सूलऐवजी साधी गोळी किंवा द्रवरूप औषध मागावे. औषध बदलून घेता येते, ते सोडण्याची गरज नाही.

तिसरी बाब चातुर्मासाची. या काळात अनेक घरांत पालेभाज्यांचा त्याग असतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवतींचा अभ्यास केला. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे अधिक चांगल्या वाढीची होती, असे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. गर्भवतीने चातुर्मासाचे आणि उपवास-आयंबिलाचे नियम किती घ्यावेत, हे गुरुमहाराजांना आपली अवस्था स्पष्ट सांगून ठरवावे. भाजीचा त्याग असेलच तर बाजरी, राजगिरा, हरभरा, मूग, मटकी, तीळ, खारीक आणि लिंबू यांची योजना ताटात जाणीवपूर्वक करावी.

चौथी बाब बी-१२ जीवनसत्त्वाची, आणि शाकाहारी समाजासाठी ती फार महत्त्वाची आहे. वनस्पतीत हे जीवनसत्त्व नसते. आपल्याला ते दूध, दही, ताक यांतूनच काय ते मिळते. याज्ञिक यांच्या त्याच अभ्यासात सुमारे दोन तृतीयांश मातांत बी-१२ कमी होते, तर पेशींतील फोलेट कमी असलेली माता केवळ एक आढळली. ज्यांच्यात फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती, म्हणजे पुढील मधुमेहाची चाहूल, सर्वांत अधिक दिसली. हे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. सरकारी लाल गोळीत बी-१२ नसते. म्हणून आपल्या लेकी-सुनांनी गरोदरपणाच्या आरंभीच, शक्य तर त्याआधीच, बी-१२ ची तपासणी करून घ्यावी. बी-१२ ची उणीव असेल तर केवळ लोहाने रक्त पुरते भरून येत नाही.

पाचवी बाब थॅलेसेमिया मायनरची. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत याचे वाहक अधिक आढळतात. पण अन्य समाजही त्यापासून मुक्त नाहीत. अशा वाहक स्त्रीचे हिमोग्लोबिन लोह पुरेसे असूनही कमी दिसते. फेरिटिन न तपासता तिला महिनोन्‌महिने जादा लोह देणे म्हणजे भरलेल्या गोदामात पुन्हा माल कोंबणे होय. एचबीए-टू ही तपासणी लग्नापूर्वीच झाली तर सर्वांत उत्तम. पत्रिका जुळविण्याइतकी तरी आस्था आपण या तपासणीविषयी दाखवावी.

आणि एक सावधगिरीची सूचना. लोहाच्या गोळ्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. रंगीत गोळ्या त्यांना चॉकलेटसारख्या वाटतात, आणि एकदम अनेक गोळ्या पोटात गेल्यास मुलाच्या जिवावर बेतू शकते.

आपल्या परंपरेला हा विचार परका नाही. पर्युषणात आपण दरवर्षी कल्पसूत्राचे वाचन ऐकतो. त्यात त्रिशलामातेच्या गर्भावस्थेचे वर्णन आहे. तिचा आहार अति थंड नव्हता आणि अति उष्णही नव्हता, अति कडू नव्हता आणि अति तिखटही नव्हता. तो गर्भाला हितकर, परिमित आणि देशकालाला अनुसरून पथ्यकर असा होता, असे तेथे सांगितले आहे. यातील ‘परिमित’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. लोह हितकर आहे हे खरे, आणि ते अहितकर होऊ शकते हेही खरे. कोणासाठी, किती आणि कोणत्या अवस्थेत, हे पाहिल्याशिवाय यांतील कोणतेही एक विधान पूर्ण होत नाही. अनेकांताची दृष्टी याहून वेगळी काय सांगते?

शेवटी पुरुषवर्गाला दोन शब्द. दुकानात दिवसाअखेर आपण रोकड मोजल्याशिवाय शटर ओढत नाही. मग घरातील गर्भवतीचे हिमोग्लोबिन किती आहे, ते गेल्या महिन्यात किती होते, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असते? हे केवळ बायकांचे प्रकरण आहे, असे म्हणून आपण बाजूला होतो. तपासणीला सोबत जाणे, गोळ्या वेळेवर आणून देणे, आणि तिला सर्वांच्या शेवटी उरलेसुरले जेवावे लागू नये हे पाहणे, ही आपली कामे आहेत.

विश्वस्त मंडळापुढे माझी नम्र सूचना आहे. सुवर्णमहोत्सवाचे स्मरण म्हणून संस्थेने समाजातील प्रत्येक गर्भवतीसाठी हिमोग्लोबिन आणि बी-१२ च्या तपासणीची, तसेच विवाहेच्छुक तरुण-तरुणींसाठी थॅलेसेमियाच्या तपासणीची व्यवस्था करावी, आणि प्रत्येकीला नोंदीचे एक छोटे कार्ड द्यावे. मोठ्या खर्चाचे हे काम नाही; सातत्याचे आहे. आपल्या समाजाची कोणतीही माता लोहावाचून राहू नये, आणि कोणत्याही मातेला मोजल्यावाचून लोह दिले जाऊ नये, इतके साधले तरी हा महोत्सव सार्थकी लागला असे मी समजेन.



जय जिनेंद्र.